उलट्या लेन्सने मॅक्रो छायाचित्रण: द्राक्षाच्या पानावरील फुलकिड्यापर्यंत पोहोचण्याची रीत

द्राक्षाच्या कोवळ्या शेंड्यावरचा फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असतो आणि लाल कोळी तर त्याच्याही निम्मा भरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंतच्या बागांमध्ये या किडींसाठी रोज पाने उलटून पाहिली जातात, परंतु साध्या लेन्सने घेतलेल्या छायाचित्रात पानावर एखादा पिवळसर ठिपका दिसण्यापलीकडे काही हाती लागत नाही. अशा सूक्ष्म विषयांसाठी खास मॅक्रो लेन्स मिळते, मात्र तिची किंमत हौशी छायाचित्रकाराला सहज पेलणारी नसते. ज्यांच्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी यावर एक जुना आणि पूर्णपणे भरवशाचा उपाय आहे. आपल्याकडे असलेली ५० किंवा २८ मिमीची साधी लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवायची, म्हणजे तिचे पुढचे तोंड कॅमेऱ्याकडे आणि माउंटची, म्हणजे एरवी कॅमेऱ्याला जोडली जाणारी, बाजू विषयाकडे ठेवायची. त्यासाठी लागणारी रिव्हर्स रिंग काही शे रुपयांत मिळते.

लेन्स उलटी केल्याने नेमके काय होते, हे एकदा समजून घेतले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. साधी लेन्स तयार करताना असे गृहीत धरलेले असते की विषय काही मीटर दूर आहे आणि सेन्सर मात्र लेन्सच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर आहे. तिच्यातील भिंगांची रचना आणि दोषनिवारण याच विषम अंतरांसाठी केलेले असते. मॅक्रोमध्ये, विशेषतः विषयाची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराहून मोठी हवी असते तेव्हा, हे प्रमाण उलटे होते: विषय लेन्सच्या जवळ येतो आणि सेन्सर तुलनेने दूर जातो. लेन्सही उलटी केली की ती पुन्हा ज्या अंतरांसाठी घडवली गेली त्याच अंतरांवर काम करू लागते. म्हणूनच एका साध्या ५० मिमी लेन्सचे उलट्या स्थितीतील चित्र कडांपर्यंत चांगले रेखीव येते.

उलट्या लेन्सचा दुसरा गुण मला त्याहून मोलाचा वाटतो. विषय आणि लेन्सचे माउंट यांमधील अंतर कॅमेऱ्याच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतच्या मूळ अंतरापेक्षा कमी होत नाही. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे आणि कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी. त्यामुळे वाइड अँगल लेन्स उलटी लावून दुपटीहून अधिक मोठी प्रतिमा घेतली तरी विषयासमोर निदान साडेचार-पाच सेंटिमीटरची मोकळी जागा राहते आणि तिथून फ्लॅशचा प्रकाश आत पोहोचवता येतो. मॅक्रोच्या इतर स्वस्त उपायांत, उदाहरणार्थ वाइड लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांमध्ये बसणारी पोकळ नळी) जोडली तर, विषय लेन्सच्या काचेला टेकण्याइतका जवळ न्यावा लागतो. उलट्या लेन्समध्ये ही अडचण येत नाही.

कोणती लेन्स घ्यावी

येथे नेहमीच्या अनुभवाच्या उलट नियम लागू होतो: फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा, जितकी कमी, तितकी प्रतिमा मोठी. डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) ५० मिमी लेन्स उलटी लावल्यास प्रतिमा जवळपास विषयाच्या खऱ्या आकाराएवढी, म्हणजे एकास एक प्रमाणात मिळते. २८ मिमी लेन्स सुमारे दुप्पट, २४ मिमी सुमारे अडीचपट आणि २० मिमी तिपटीहून थोडी अधिक प्रतिमा देते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्सही उलटी लावता येते आणि तिची झूम रिंग फिरवून प्रमाण कमी-जास्त करता येते. या लेन्सवर १८ मिमीला प्रतिमा सर्वांत मोठी मिळते. तरीही सुरुवात ५० मिमीनेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकास एक प्रमाणात विषय शोधणे, त्यावर फोकस साधणे आणि हात स्थिर ठेवणे हे तिन्ही शिकता येते. तिप्पट प्रमाणात नवशिक्याला विषय चौकटीत सापडणेही कठीण जाते आणि उत्साह पहिल्याच दिवशी ओसरतो.

लेन्स निवडताना तिच्या किमतीपेक्षा आणि नावापेक्षा एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे तिच्यावर ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, स्वतःची रिंग असणे. लेन्स उलटी लागल्यावर तिचे कॅमेऱ्याशी असलेले यांत्रिक आणि विद्युत संबंध तुटतात, त्यामुळे कॅमेऱ्यावरून ॲपर्चर बदलता येत नाही. ज्या लेन्सवर रिंग आहे तिच्यावर एफ/८ लावले की काम झाले (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). फिल्म कॅमेऱ्यांच्या काळातील ५० मिमी लेन्स बहुतेक अशाच असत आणि शहरातील जुन्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांत त्या आजही पडून असतात. काचेला बुरशी लागलेली नाही आणि ॲपर्चरच्या पात्या तेलकट होऊन अडकत नाहीत, एवढे लेन्स उजेडासमोर धरून पाहावे. फोकस रिंग घट्ट झाली असेल किंवा ऑटोफोकस बंद पडला असेल, तर आपल्या कामात त्याने काही बिघडत नाही. ही लेन्स आपल्या कॅमेऱ्याच्याच कंपनीची असण्याचीही गरज नाही, कारण ती माउंटच्या बाजूने बसवली जात नसून पुढच्या फिल्टरच्या आट्यांवर बसवली जाते.

ज्यांच्याकडे रिंग नसलेलीच लेन्स आहे त्यांच्यासाठी दोन युक्त्या आहेत. निकॉनच्या जी श्रेणीतील लेन्सच्या मागे एक लहान धातूची दांडी असते. लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की स्प्रिंगमुळे ॲपर्चर सर्वांत लहान होते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये जवळपास अंधार दिसतो. ही दांडी हलक्या हाताने सरकवून, जाड कागदाची घडी किंवा काडीचा तुकडा अडकवून आणि वर चिकटपट्टी लावून ॲपर्चर मधल्या स्थितीत रोखून धरता येते. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये ॲपर्चर विजेवर चालते. तेथे लेन्स आधी सरळ बसवावी, एव्ही मोडमध्ये (ॲपर्चर आपण ठरवण्याच्या मोडमध्ये) एफ/८ निवडावे, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे बटण दाबून धरावे आणि ते दाबलेले असतानाच लेन्स काढून घ्यावी. पात्या त्याच स्थितीत थांबतात. दोन्ही युक्त्या चालतात, पण बागेत उभे राहून ॲपर्चर बदलायचे ठरवले तर त्या फार वेळखाऊ ठरतात.

जोडणी आणि कॅमेऱ्याची तयारी

रिव्हर्स रिंगच्या एका बाजूला कॅमेऱ्याचे माउंट असते आणि दुसऱ्या बाजूला आटे असतात. हे आटे लेन्सच्या फिल्टरच्या मापाशी जुळले पाहिजेत. माप लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला ४९, ५२, ५५, ५८ अशा आकड्यांत लिहिलेले असते. माप जुळत नसेल तर स्टेप-अप किंवा स्टेप-डाउन रिंग मध्ये घालावी. लेन्स आट्यांवर बसवताना कॅमेरा आडवा ठेवून रिंग आधी लेन्सवर फिरवावी आणि मग दोन्ही मिळून माउंटवर चढवावीत, म्हणजे आटे वाकडे धरत नाहीत. येथे एक सावधगिरी हवी: अनेक ऑटोफोकस लेन्समध्ये पुढचा भाग नाजूक सरकत्या नळीवर असतो आणि उलट्या स्थितीत साऱ्या लेन्सचा भार त्याच भागावर येतो. म्हणून जड झूम लेन्स उलटी लावू नये आणि हलक्या लेन्सलाही डाव्या हाताचा आधार कायम ठेवावा.

उलट्या लेन्सचे माउंटकडचे भिंग आणि तेथील सोनेरी संपर्कबिंदू आता उघड्यावर असतात. लेन्सचे मागचे प्लॅस्टिकचे झाकण स्वस्तात मिळते; त्याचा तळ गोल कापून काढून ते त्या बाजूला बसवले की काटक्या, माती आणि बोटांपासून संरक्षण होते, शिवाय ते छोट्या हूडसारखे कामही देते. झाकण कापल्यावर कडेचा प्लॅस्टिकचा कीस पूर्ण काढून टाकावा.

कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर ठेवावा. निकॉनच्या प्राथमिक श्रेणीतील अनेक बॉडींवर उलट्या लेन्ससह प्रकाशमापन होत नाही आणि एम मोडशिवाय शटरही पडत नाही, त्यामुळे एखादे छायाचित्र काढून हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) पाहत पाहत उजेड जुळवावा लागतो. कॅननच्या डीएसएलआरवर मापन होते. मिररलेस कॅमेऱ्यात मेन्यूमध्ये जाऊन लेन्सशिवाय शटर पडण्याची परवानगी चालू करावी लागते. ही एक गोष्ट राहून गेली की जोडणी बिघडली असा समज होतो.

फोकस कॅमेरा हलवून

उलट्या लेन्सची फोकस रिंग फिरवल्याने फारसा फरक पडत नाही. फोकस साधायचा तो कॅमेरा आणि विषय यांतील अंतर बदलून. कॅमेरा डोळ्याला लावून, विषयाच्या दिशेने अगदी सावकाश पुढे झुकत जावे. धूसर रंग हळूहळू आकार घेतात, एका क्षणी कीटकाचे डोळे लखलखीत दिसतात आणि पुढच्या क्षणी पुन्हा विरतात. तो मधला क्षण पकडायचा असतो.

तो इतका लहान का असतो, हे आकड्यांतून कळते. एपीएस-सी सेन्सरच्या (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, एकास एक प्रमाणात, एफ/८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तेवढे अंतर, पाऊण मिलिमीटरही भरत नाही. दुप्पट प्रमाणात ती सुमारे पाव मिलिमीटर उरते. आपला श्वास आणि नाडीचे ठोके याहून अधिक हालचाल घडवतात. साहजिकच ॲपर्चर आणखी लहान करण्याचा, एफ/१६ किंवा एफ/२२ लावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. प्रतिमा मोठी होत जाते तसे लेन्सचे प्रत्यक्ष ॲपर्चर रिंगवर लिहिलेल्या आकड्याहून लहान होत जाते. रिंगवर एफ/८ असताना एकास एक प्रमाणात ते एफ/१६ सारखे वागते आणि दुप्पट प्रमाणात एफ/२२ च्या आसपास जाते. याहून पुढे गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते, म्हणजे खोली मिळते पण बारकावे जातात. माझ्या मते ५० मिमीला एफ/८ ते एफ/११ आणि २८ मिमीला एफ/५.६ ते एफ/८ यापलीकडे जाण्यात लाभ नाही.

पाव-पाऊण मिलिमीटरच्या या खोलीत हात स्थिर ठेवण्याची सर्वांत उपयोगी रीत अशी. द्राक्षाचा शेंडा किंवा पानाचा देठ डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हलकेच धरावा आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर लेन्सची कडा टेकवावी. आता वाऱ्याने किंवा श्वासाने हालचाल झाली तरी पान आणि लेन्स एकत्रच हलतात आणि त्यांच्यातील अंतर कायम राहते. बोटे किंचित आखडून किंवा सैल सोडून फोकस पुढे-मागे नेता येतो. कोपर गुडघ्यावर किंवा बांबूच्या खांबावर टेकवावे, श्वास अर्धा सोडून थांबावे आणि एकेका छायाचित्रावर न थांबता सलग पाच-सहा घ्यावीत. त्यांतले एखादे डोळ्यांवर नेमके फोकस झालेले निघते. ट्रायपॉड या कामात वाटतो तितका उपयोगी नाही, कारण कॅमेरा स्थिर राहिला तरी वेलीचा शेंडा हलतच असतो. घरातील टेबलावर, स्थिर विषयासाठी, तो जरूर वापरावा.

सरावासाठी टेबलावरचा एक विषय फार चांगला आहे. नाशिक रोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे आणि आपल्या टपाल तिकिटांची छपाई तेथे होत आली आहे. घरातल्या जुन्या पाकिटावरचे एखादे तिकीट घेऊन ते टेबलावर सपाट ठेवावे आणि कॅमेरा वरून सरळ खाली रोखावा. उलट्या ५० मिमी लेन्समधून छपाईतील रंगाचे कण, कागदाचे तंतू, कडेच्या दातेरी छिद्रांवरची लव आणि शिक्क्याची शाई कागदात कशी पसरली आहे ते सर्व दिसते. तिकीट सपाट असल्यामुळे चारही कोपरे एकाच वेळी रेखीव यायला हवेत. एक कोपरा स्पष्ट आणि समोरचा धूसर आला तर कॅमेरा तिरका आहे असे समजावे. चारही कोपरे साधले की पानाच्या प्रतलाशी लेन्स समांतर धरण्याची सवय हाताला लागते. बागेत हीच सवय उपयोगी पडते, कारण किडीचे अंग आडवे असेल आणि लेन्स त्याला समांतर असेल तर पाव मिलिमीटरच्या खोलीतही तिचे डोके, छाती आणि पोट एकत्र मावते.

प्रकाश

एकास एक प्रमाणात सेन्सरवर नेहमीच्या एक चतुर्थांशच प्रकाश पोहोचतो, दुप्पट प्रमाणात त्याहूनही कमी. त्यात एफ/८ आणि हाताची थरथर धरली, तर फ्लॅशशिवाय बागेच्या मांडवाखाली फारसे काही साधत नाही. कॅमेऱ्यावर बसणारा साधा, हाताने शक्ती ठरवता येणारा फ्लॅश पुरेसा आहे. शटर १/२०० सेकंदावर, आयएसओ २०० वर आणि फ्लॅश १/१६ शक्तीवर ठेवून सुरुवात करावी आणि चित्र पाहून शक्ती वाढवावी वा कमी करावी. कमी शक्तीवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या अत्यल्प भागापुरती टिकते, त्यामुळे हाताची बारीक हालचाल चित्रात उमटत नाही.

उघडा फ्लॅश मात्र कधीही वापरू नये. कीटकाची पाठ आणि द्राक्षाचा मणी चकचकीत असतो आणि त्यावर कडक पांढरे डाग पडून खालचा पोत नाहीसा होतो. दुधी रंगाच्या पातळ प्लॅस्टिकचा किंवा ट्रेसिंग पेपरचा पडदा फ्लॅशसमोरून वाकवून थेट लेन्सच्या टोकावर आणावा. पडदा विषयाच्या जितका जवळ, तितका तो विषयाच्या तुलनेत मोठा दिवा ठरतो आणि प्रकाश तितका मृदू पडतो. हा एक पडदा नीट बसवला की पक्व मण्यावरचा पांढरट मेणाचा थर आणि त्यावर बोट लागून उमटलेला ठसा वेगवेगळे दिसू लागतात. केवळ फ्लॅशवर काढलेल्या चित्रात पार्श्वभूमी काळी पडते. ती नको असेल तर विषयामागे दोन-तीन सेंटिमीटरवर दुसरे पान धरावे.

बागेत

यासाठी डिसेंबर-जानेवारीतली पहाट सर्वांत चांगली. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. अशा थंडीत कीटकांचे अंग तापलेले नसते, ते जागचे हलत नाहीत आणि त्यांच्यावर दव साचलेले असते. ऊन चढल्यावर पाच सेंटिमीटरवर लेन्स नेऊ देणारा चतुर किंवा फुलपाखरू सहसा मिळत नाही. फुलकिड्यांसाठी मात्र छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीचा आणि फुलोऱ्याचा काळ गाठावा. शेतकरी शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून फुलकिडे मोजतात, तीच रीत आपणही वापरावी: कागदावर पडलेला किडा वेलीवरच्यापेक्षा शोधायला सोपा असतो आणि पांढरा कागद खालून प्रकाशही परतवतो. पिठ्या ढेकूण हा नवशिक्यासाठी आदर्श विषय आहे, कारण तो संथ असतो, सुमारे तीन मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या अंगावरचे मेणाचे तंतू उलट्या ५० मिमीमध्येही सुरेख उठतात.

बागेत जाण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी आणि शेवटची फवारणी कधी व कशाची झाली हे आवर्जून विचारावे. ताज्या फवारणीच्या बागेत पानाजवळ तोंड नेऊन तासभर बसणे आरोग्याला घातक आहे. लेन्स बदलणे किंवा उलटी लावणे हे काम गाडीत किंवा घरीच उरकावे, कारण लहान ॲपर्चरवर सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण चित्रात काळा डाग होऊन दिसतो. पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर जाणाऱ्यांना एक विनंती आहे. त्या डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात तेथे वाढते. गवतात गुडघे टेकण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहावे आणि चित्रासाठी आजूबाजूचे गवत किंवा रोपे उपटू नयेत.

दुप्पट-तिप्पटीहूनही मोठी प्रतिमा हवी असल्यास टेलिफोटो लेन्स कॅमेऱ्यावर सरळ ठेवून तिच्या पुढे ५० मिमी उलटी जोडता येते. २०० मिमीवर ५० मिमी जोडल्यास चौपट प्रतिमा मिळते. या वेळी उलट्या लेन्सचे ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे आणि नियंत्रण मागच्या लेन्सवरून करावे. एवढ्या प्रमाणात हातात धरून काम होत नाही, ते टेबल आणि फोकसिंग रेलचे (कॅमेरा बारीक अंतराने पुढे-मागे सरकवणाऱ्या पट्टीचे) काम आहे.

प्रमाण मोजणे आणि नोंद

प्रत्येक जोडणीचे नेमके प्रमाण एकदा मोजून ठेवावे. त्यासाठी स्टीलच्या फुटपट्टीचे मिलिमीटर चौकटीच्या रुंदीला समांतर ठेवून छायाचित्र घ्यावे आणि सेन्सरच्या रुंदीला दिसणाऱ्या मिलिमीटरने भागावे. निकॉनच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी असते. चौकटीत १२ मिमी दिसले तर प्रमाण दुपटीच्या जवळ आहे. २४ मेगापिक्सेलच्या अशा कॅमेऱ्यात दुप्पट प्रमाणावर एक मिलिमीटरचा फुलकिडा सुमारे ५०० पिक्सेल लांबीचा येतो, म्हणजे त्याच्या पंखांच्या कडेची झालर दिसण्याइतका. छायाचित्र ओळखीसाठी कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना पाठवायचे असेल तर फुटपट्टीचे चित्र त्याच जोडणीने काढून सोबत द्यावे, पूर्ण पानाचे एक साधे छायाचित्रही जोडावे आणि फाइलच्या नावात तारीख, वाण, छाटणीनंतरचा दिवस आणि मोजलेले प्रमाण लिहावे.